तांबडीचं अंडं

रोज सकाळी खुराडं उघडलं की मी एकेक कोंबडी काखेत धरते आणि मागून बोट घालून चाचपते. अंडं हाताला लागलं, की त्या दिवशी ते मिळालंच पाहिजे. ही विद्या सासूबाईंची. माझं बोट कधी चुकलं नव्हतं.

तांबडी म्हातारी झालेली. आठवडाभर तिच्या पोटात अंडं लागायचं आणि खुराडं रिकामं. दिवसभर ती कुंपणाच्या भोकातून शेजारच्या शिंपीणकाकूंच्या सरपणात जाऊन बसायची.

"घालते तिकडं, मग खातं कोण?" सासूबाई म्हणाल्या.

नळावर सात-आठ बायका होत्या. मी विचारलं, "काय शिंपीणकाकू, आमची अंडी गोड लागतात का?"

"हात लावला असेल तर हात झडो माझा!"

"रिकाम्या चुलीला शपथा स्वस्त."

बायका हसल्या. काकूंनी अर्धीच कळशी उचलली. संध्याकाळी कुंपणाच्या भोकावर त्यांच्या बाजूनं पत्रा ठोकलेला होता.

आता तांबडी आमच्याच अंगणात. तरी अंडं नाही. पोट लोंबलेलं, तुरा फिकट, चाल बदकाची.

"माजलीय. चरबी चढलीय," म्हणत सासूबाईंनी तिला कापलं.

आधी पिवळं पाणी आलं. मग आतड्याला चिकटलेली गाठ. लिंबाएवढी, टणक, गुळगुळीत. भोवती वाटाण्याएवढ्या कितीतरी. अंडं एकही नव्हतं.

"हे चाचपत होतीस होय?" सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पुरून टाक. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी गाठ वाटीत घेऊन काकूंकडं गेले. त्या काजं करत होत्या. सगळं सांगितलं.

"नळावर बोललीस ना? मग नळावरच सांग." सुई थांबली नाही.

"उद्याच सांगते."

तेव्हा त्यांनी वाटीत पाहिलं. सुई थांबली.

"रोज ह्याच्यावर बोट दाबायचीस?"

"हो."

"ओरडायची का गं?"

ओरडायची. मला वाटायचं, अंडं अडलंय.

मी होकाराची मान हलवली. काकूंनी हातातलं कापड बाजूला ठेवलं.

सकाळी नळावर मी सांगितलं, अंडं नव्हतंच, गाठ होती, मी खोटा आळ घेतला. कुणी हसलं नाही. सगळं सांगितलं; ती ओरडायची, तेवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

शिंपीणकाकू शेजारीच होत्या. त्यांनी कळशी काठोकाठ भरली. ओरडण्याचं त्यांनीही काढलं नाही.