हरिओम पास झाला होता

नांदेडच्या एका खाजगी केंद्रात छतावर सौर पॅनेल बसवायचं काम शिकवलं जाई. लुंबिनी तिथली शिक्षिका. बिलोलीची मुलगी, स्वतः इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. त्या सकाळी नेहमीसारखा वर्ग भरला होता, पण फळ्यावर ना पॅनेलचं चित्र होतं, ना तारांची जोडणी. नुसत्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या होत्या.

"प्रश्नात ‘कनेक्टर’ दिसलं, की ज्या उत्तरात ‘आयसोलेट’ आहे ते दाबायचं," लुंबिनी सांगत होती. "‘अर्थिंग’ दिसलं, की ‘रेझिस्टन्स’. वाक्य वाचत बसू नका."

मागच्या बाकावरून हरिओमनं हात वर केला. तो चाकूरचा. शेती भावावर सोडून हौसेनं विजेचं काम शिकायला आलेला, नुकतंच लग्न झालेला.

"मॅडम, पन आयसोलेट म्हंजे काय ओ?"

लुंबिनीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण दारात केंद्राचे मालक अमृतराव उभे होते.

"नंतर सांगते," ती म्हणाली.

आधीच्या बॅचला तिनं मराठीत शिकवलं होतं, छतावर नेऊन, तारा हातात देऊन. कामात पोरं तरबेज झाली आणि परीक्षेत धडाधड नापास झाली. परीक्षा संगणकावर आणि फक्त इंग्रजीत. अर्धं वाक्य लागेपर्यंत वेळ संपायचा.

"मी बी कंधारच्या मराठी शाळेतच शिकलो मॅडम," अमृतराव तेव्हा म्हणाले होते. "मला का कळत न्हाई? पन निकाल पडला की केंद्राची मान्यता जाते. सांगा, काय करू?"

तेव्हापासून फळ्यावर शब्दांच्या जोड्या आल्या. तिला त्यांची चीड यायची, पण नोकरी होती, आणि पोरं पास होत होती.

हरिओमही पास झाला. गावात पेढे वाटले. बायकोनं, आरतीनं, प्रमाणपत्राचा फोटो माहेरी पाठवला. त्याला लातूरला कामही मिळालं. "नंतर सांगते" म्हटलेलं मात्र राहूनच गेलं.

लातूरच्या एका डाळमिलच्या छतावर भर दुपारी तो काम करत होता. उन्हानं पॅनेल तापली होती, तारांतून भरभरून वीज वाहत होती. एक जोड बदलायचा होता. आधी खटका पाडून वीज तोडायची, मगच जोड ओढायचा, हा या कामातला पहिला नियम; ‘आयसोलेट’ म्हणजे हेच. परीक्षेत हरिओमनं याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दाबलं होतं.

छतावर त्यानं सरळ जोड ओढला.

ठिणगी नव्हे, जाळच उठला. उजव्या हाताची बोटं वाचली नाहीत.

बातमी कळताच लुंबिनी लातूरला धावली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आरती भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते.

"मॅडम, ह्ये पास झालते की ओ. लई चांगले मार्क होते. मग असं कसं झालं?"

"त्यांना नियम कळला नव्हता, ताई."



"मग पास कुणी केलं त्यान्ला?"



पुढच्या आठवड्यात परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे एक अधिकारी केंद्र पाहायला आले. अमृतरावांनी चहा मागवला. लुंबिनी समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"वाईट झालं," अधिकारी म्हणाले. "पण तांत्रिक विषय मराठीत कसा आणणार? व्होल्टेजला काय म्हणाल, विभवांतर? तुमच्याच मुलांना कळायचं नाही."

"व्होल्टेजला व्होल्टेजच म्हणा सर. आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याबी फ्यूज, मीटर म्हणतात. वाक्य तेवढं मराठीत द्या. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे माणसाला त्याच्या भाषेत विचारा."

"आणि उद्या मुलं बाहेरच्या राज्यात गेली तर? इंग्रजी नको?"

"हवं की! मी शिकवते. इंग्रजीची वेगळी परीक्षा घ्या, त्यात नापास करा. पण विजेच्या परीक्षेत तुम्ही इंग्रजी तपासून राहिलात, आणि वीज कुणी तपासतच नाही."

"पॅटर्न वरून येतो, मॅडम. वर कळवा."

"वर म्हणजे कुणाला, सर?"

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून एक केंद्र बघायचं होतं.

ते गेल्यावर अमृतरावांनी चहाचे कप गोळा केले. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून नवी बॅच हाय. जोड्या लिहून ठेवा फळ्यावर."

"न्हाई लिहिणार सर."

"आन् निकाल?"

"लागू द्या काय लागायचा तो. नापास झालेला माणूस धडधाकट घरी तरी जातो."

"मग मॅडम, मला दुसरी शिक्षिका बघावी लागंल." त्यांचा आवाज खाली गेला होता.

"बघा," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

आता दर रविवारी नांदेडच्या एका बुद्धविहाराच्या सभागृहात लुंबिनी वर्ग घेते. वर्गात येतात ते नापास झालेले नव्हेत, पास झालेले. प्रमाणपत्र खिशात असूनही काम न कळलेले. हरिओम चाकूरहून एसटीनं येतो, बोटं गेलेला उजवा हात पुढे करून झालेलं सगळं सांगतो. मराठी प्रश्नपत्रिकेसाठी लुंबिनीनं धाडलेल्या अर्जांना उत्तर नाही. ती पुन्हा धाडते.

परीक्षा आजही इंग्रजीतच आहे. याही आठवड्यात पुष्कळ जण पास होतील. त्यांतला कुणी उद्या तुमच्या छतावर चढेल. चढण्याआधी त्याला त्याच्या बोलीत विचारून पाहा, कामातलं काय कळलंय ते. तो गप्प राहिला तर त्याला हसू नका. ज्यांनी त्याला काम समजलं नसतानाही पास केलं, त्यांना जाब विचारा. एकटी लुंबिनी किती वेळा विचारणार?