पडद्यातल्या बैलाचं दुखणं

मी बैल बोलतोय. शेण टाकत नाही, लाथ मारत नाही, शेपटी मात्र झोकात हलवतो. कारण मी यवतमाळच्या एका पशुवैद्यक शाळेत, संगणकाच्या पडद्यात राहतो.

जन्म पुण्याचा. मला घडवणाऱ्याने बैल बहुधा कॅलेंडरवरच पाहिला असावा. शिंगं एवढी लांब दिलीत, की कुठल्या गोठ्याच्या दारातून मी आत गेलोच नसतो.

बोंडअळीने कापूस फस्त केला, लोकांनी बैलजोड्या बाजारात नेल्या आणि शाळेला शिकवायला बैल मिळेना. म्हणून मला आणलं. मुलांनी उपचार करायचे, चुकले की मी मरायचं. मोईन तर मला औषध टोचून चहाला जाई. परत येईस्तोवर माझे चारी पाय वर! रोग शोधण्यापेक्षा माणसाला सुई टोचायचीच हौस भारी.

घाटंजीच्या उर्वशीच्या हातून मी फार मेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची शेवटची परीक्षा होती. या खेपेला नापास झाली तर शिक्षण बंद, असं घरून बजावलेलं. मी ताप घेऊन, खाणं सोडून उभा राहिलो. तिच्या आधीच्या सगळ्यांनी मला पोटाचं औषध देऊन मारलं होतं.

उर्वशी पडद्यापुढे आली. सुईच्या चित्राकडे गेलेलं बोट तिने मागे घेतलं. मग पिशवीतून घरच्या बैलांसाठी घेतलेली हळद-तुपाची डबी काढली आणि पडद्यावरच माझा खांदा चोळायला लागली.

"अवो उर्वशी, काय करून राह्यली? काच हाये ते!" भगवानराव सर ओरडले.

"सर, आज खांदशेकणी हाये. खांदा चोळल्याबिगर बैलाले सुई कशी टोचू?"

पडदा बोटाने चालणारा. तिने खांदा चाचपला, अशी संगणकाने नोंद घेतली आणि वशिंडाजवळ लपलेली सूज वर आली.

"अरे बापा, इथं तं गळू हाये!"

तिने ते फोडलं, धुतलं, योग्य औषध दिलं. मी वैरणीला तोंड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा जगलो हो! रडावंसं वाटलं, पण ती सोय पुण्याने दिलेली नाही.

"पास," सर म्हणाले, "पण हे तूप आता तूच पूस." उर्वशी ओढणीने आधी डोळे पुसत होती.

लगेच कलीमचा नंबर लागला. मी पुन्हा आजारी पडलो आणि तो थेट सुईकडे गेला.

बाबांनो, मला खुशाल मारा, माझा जन्मच त्यासाठी आहे. गोठ्यातल्या बैलाला मात्र आधी हात लावा. तो एकदाच मरतो.