कोपऱ्यातला बाण

सकाळी आठला रुग्णालयाच्या एक्स-रे विभागाची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत पोहोचली होती. निम्म्या लोकांना काहीही झालेलं नव्हतं. ते त्याची खात्री करून घ्यायला आले होते. आदल्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बातमी होती: 'कृत्रिम बुद्धीचा चमत्कार! पाच सेकंदांत टीबीचं निदान, डॉक्टर थक्क.' थक्क झालेल्या डॉक्टरांचा फोटो मात्र नव्हता. होता तो आमच्या वहिनींचा, म्हणजे माझ्या मामेभावाच्या बायकोचा. त्या याच रुग्णालयात संशोधक आहेत आणि फोटोत त्या थक्क नव्हे, वैतागलेल्या दिसत होत्या.

मी मामांना घेऊन उभा होतो. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, भूक मेलेली. त्यांची थुंकी तपासायचं ठरलं होतं. पण बातमी वाचल्यापासून डबीत थुंकणं मामांना मागासलेपणाचं वाटू लागलं होतं.

आत टेबलावर एक पडदा आणि शेजारी टाय लावलेला कंपनीचा माणूस. एक्स-रे पडद्यावर आला की तो आवाज खाली आणायचा. "शांतता राखा. यंत्र विचार करतंय." पडद्यावर एक चक्र फिरायचं. उत्तर खरं तर क्षणात येतं, हे मला नंतर एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितलं. चक्र मागाहून बसवलं होतं, कारण झटपट आलेल्या उत्तरापुढे लोक हात जोडत नाहीत.

"लाखो फुप्फुसं पाहिलीत याने," टायवाला सांगत होता. "थकत नाही, रजा मागत नाही, चहाला जात नाही."

"मग इथं नोकरीला लागलं कसं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

मामांचा एक्स-रे आला. चक्र फिरलं. हिरवा दिवा लागला: 'निर्दोष, ९८ टक्के.'

"शाळेत एवढे कधी पडले नव्हते," मामा म्हणाले आणि रिकामी डबी माझ्या हातात देऊन खोकत खोकत जिना उतरले.

संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या थेट मामांच्या खुर्चीपाशी. "बाबा, थुंकी दिली नाहीत?"

"सूनबाई, यंत्र अचूक आहे असं तूच म्हणालीस. छापून आलंय."

"मी म्हणाले, आमच्या चारशे एक्स-रे फोटोंवर ते अचूक ठरलं, पण दुसरीकडे पारखल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. 'पण'च्या अलीकडचं तेवढं छापलं त्यांनी."

"जागा कमी पडली असेल."

"माझा फोटो तीन कॉलमी आहे, बाबा."

"अगं, त्यांच्याशी काय वाद घालतेस," मामी आतून म्हणाली. "खोकल्याने कपाटातली भांडी वाजतात, तरी म्हणे निर्दोष."

मी वहिनींना विचारलं, "पेपरवाल्यांचा एवढा राग येतो?"

"त्यांच्या बातमीत यंत्र एक तर देव असतं, नाहीतर आमच्या नोकऱ्या खाणारा राक्षस. ते कुणाच्या फोटोंवर शिकलं, कुठे चुकलं, हे सांगायला गेलं की म्हणतात, वाचक कंटाळेल. मॅडम, थोडक्यात सांगा. त्या थोडक्याचं काय होतं, ते बघा खुर्चीत बसलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चारशेंतले टीबीचे फोटो पडद्यावर मांडले आणि तंत्रज्ञाला बोलावलं. तो दुरूनच म्हणाला, "हे सगळे वॉर्डातले."

"कशावरून?"

"कोपऱ्यात बाण आहे ना."

ज्या पेशंटला उठवत नाही, त्याचा एक्स-रे चाकांच्या मशीनवर खाटेवरच काढतात. डोकं कुठल्या बाजूला ते कळावं म्हणून त्या मशीनच्या पाटीवर तंत्रज्ञ शिशाचा छोटा बाण चिकटवतो; तो फोटोत उमटतो. वर्षानुवर्षांची सवय. चालत येणाऱ्यांचा फोटो खालच्या खोलीत, उभ्याने, बाणाशिवाय. यंत्राला शिकवायला आणि पारखायला दिलेले टीबीचे जवळजवळ सगळे फोटो वॉर्डात खाटेला खिळलेल्या माणसांचे, आणि धडधाकटांचे फोटो खालच्या खोलीतले. फुप्फुसातल्या पुसट डागांपेक्षा बाण शोधणं सोपं. यंत्राने सोपं ते केलं. मामा स्वतःच्या पायांनी गेले होते, एवढाच त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा.

वहिनी अधीक्षकांकडे गेल्या. ते म्हणाले, "आतल्या आत मिटवता येणार नाही का?"

"पहिल्या पानावर गेलेलं आतल्या आत कसं मिटेल, सर?"

वहिनींनी बातमीदाराला बोलावलं, मामांनाही आणवलं, आणि रांगेदेखत कँटीनमधून आणलेला कोबी चाकांच्या मशीनखाली ठेवला. फोटो पडद्यावर आला. चक्र फिरलं. लाल दिवा: 'टीबी, ९६ टक्के.' मग बाण काढून त्याच कोबीचा दुसरा फोटो घेतला. हिरवा.

"यंत्र अजून शिकतंय," टायवाला म्हणाला.

"आमच्यावर?" पुढच्या बाईने विचारलं.

वहिनींनी शेवटी मामांचा त्या दिवशीचा एक्स-रे घेतला आणि संगणकावर त्याच्या कोपऱ्यात बाण चिकटवला. लाल. बाण पुसला. हिरवा. मामा पडद्याजवळ आले. मग म्हणाले, "म्हणजे त्याने माझी छाती बघितलीच नाही."

"नाही, बाबा."

"डबी आण."

बातमीदाराने वही उघडली. "मग 'यंत्र निघालं भोंदू' असं देऊ?"

"नका देऊ," वहिनी म्हणाल्या. "तेही अर्धंच. ते बाण ओळखत होतं असं लिहा. चूक आमच्या शिकवण्यात होती, आणि ती मला सापडण्याआधी तुम्ही आरती ओवाळलीत, हेही लिहा. नवे फोटो घेऊन पुन्हा शिकवू. जमलं तर सांगू, नाही जमलं तरी सांगू. माझं नाव घालणार असाल तर अख्खं वाक्य घाला."

मामांच्या थुंकीत जंतू सापडले. सहा महिन्यांची औषधं आहेत, रोग बरा होणारा आहे. उशीर झाला असता तर घरातल्या आणखी कुणाला लागला असता. बातमी सातव्या पानावर चार ओळींत आली. कोबीचा उल्लेख नव्हता.

म्हणून इथे लिहिलं. यंत्राची भीती बाळगू नका, त्याला हातही जोडू नका. त्याने नेमकं काय पाहून सांगितलं, हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर हिरव्या दिव्यासकट घरी येऊ नका. तिथेच उभे राहा आणि पुन्हा विचारा.