झालर साफ, चेहरा पुसट

“माझ्या मायचं तोंड कुठंय यात? दावा मला, मच्छिंद्रभाऊ. तोंड कुठंय?”

अंगदने जालन्याहून मोठा करून आणलेला फोटो काउंटरवर आपटला. फोटोत त्याची बहीण प्रिया नवरीच्या वेशात होती आणि तिच्या गळ्यात पडून रडणारी त्यांची आई, दुर्गाबाई. दोघींचे चेहरे धुरकट. मागची मंडपाची जांभळी झालर मात्र इतकी स्वच्छ, की तिचे टाके मोजून घ्यावेत. लग्नानंतर अकराव्या दिवशी दुर्गाबाई गेल्या. फोटो काढायचा म्हटलं की पदर तोंडावर ओढणारी बाई. कधी नव्हे ती त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उघड्या चेहऱ्याने रडली होती.

“भिताडावर काय झालर लावू का माय म्हनून?” अंगदचा आवाज चिरकला. “लोकं म्हनूनच राह्यलेत, मच्छिंद्रभाऊला आता दिसत न्हाई. मीच ऐकलं न्हाई कुणाचं.”

मच्छिंद्रची कानशिलं तापली. तीर्थपुरीच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ अठ्ठावीस वर्षांचा. रीळ होतं तेव्हा हाताने भिंग फिरवून फोकस करायचा तो. उधळलेली अक्षत हवेत असतानाच पकडायचा, दाणा न् दाणा. आणि आज कालचं पोरगं येऊन त्याच्या नजरेत खोट काढतं! मोबाइल उंच धरून नवरीसमोर भिंतीसारखे उभे राहणारे पाहुणे चालतात, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन चालतो, चूक मात्र मच्छिंद्रच्या डोळ्यांची. राग जरा जास्तच आला, कारण परवाच सुईत दोरा ओवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला होता.

“उद्या ये,” तो म्हणाला. “खोट माझी हाय का कॅमेऱ्याची, पुराव्यानिशी दावतो. कॅमेऱ्याची निघाली तर चार लोकांत सांगायचं, मच्छिंद्रची नजर साफ हाय म्हनून.”

“सांगतो. अन् तुमची निघाली तर?”

“तर तुझ्या मामाच्या घरच्या हसनाबादच्या लग्नाचं काम मला दिलंय, ते दुसऱ्याला द्या. अन् का दिलं ते बी सांगा.”

अंगद फोटो तिथेच टाकून गेला. रात्रभर मच्छिंद्रच्या डोक्यात ती झालर हलत राहिली.

सकाळी दुकानाच्या दारात चांगला उजेड आला तसा त्याने स्टँडवर कॅमेरा चढवला. शेजारच्या किराणा दुकानातून घड्याळाचे बारा सेल आणले आणि टेबलावर तिरक्या रांगेत उभे केले. बरोबर सहाव्यावर नेम धरला, बटण अर्धं दाबलं. कॅमेरा नेहमीसारखा ‘टीक’ करून फोकस झाल्याचं सांगून मोकळा झाला. फोटो मोठा करून पाहिला तर साफ दिसत होता आठवा सेल. सहावा पुसट. पुन्हा काढला. पुन्हा आठवा.

“लबाड!” तो कॅमेऱ्यावर ओरडला. “तोंडावर हो म्हनतो अन् मागून दगा देतो!”

भिंग बदललं, तरी तेच. भिंग कॅमेऱ्याला टेकतं तिथले पितळी ठिपके खोडरबराने घासले, तरी तेच. संभाजीनगरच्या दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, कॅमेरा पाठवून द्या, एकवीस दिवस लागतील. “एकवीस दिवसांत माझी अब्रू जाईल त्याचं काय?” असं त्याने विचारलं तेव्हा तिने फोन कुणा साहेबांना जोडते म्हणून गाणं लावून दिलं.

मग त्याने डोळा लावायच्या खिडकीतून बघणं सोडलं आणि मागच्या पडद्यावर बघून फोटो काढला. सहावा सेल लख्ख! आता मच्छिंद्रला उलगडलं. पडद्यावर बघून फोटो काढताना कॅमेरा वेगळ्या वाटेने फोकस करतो. खिडकीतून बघताना मात्र आतल्या आरशाखालचा एक बारकासा डोळा अंतर मोजतो. तोच डोळा बिघडला होता. मच्छिंद्रचा नव्हे.

त्याने भिंग उतरवलं, आरसा वर उचलला, बॅटरीच्या उजेडात मऊ ब्रश खाली नेऊन अलगद फिरवला. ब्रशच्या टोकाला लाल भुकटी आली. थोडी पिवळीही.

“अरे तिच्या!” लग्नाच्या त्या गर्दीत कुणी काय उधळलं कोण जाणे. कुणाचंही असो, पुरावा हातात होता. त्याने ब्रश जपून कागदात गुंडाळला. अठ्ठावीस वर्षांचं नाव त्या पुडीत होतं. अंगद कधी येतो असं त्याला झालं.

अंगद दुपारी आला. “निघाली का खोट?”

मच्छिंद्र पुडी उघडणार, एवढ्यात मधल्या दाराचा पडदा सरकला. त्याची आई उषाबाई चौकट चाचपत पुढे आली. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गिळत आणले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

“कोन म्हनतंय माझ्या लेकाला दिसत न्हाई म्हनून?” ती कडाडली. “कालपासून ऐकून राह्यले मी. लाज वाटत न्हाई का? अन् त्या कॅमेऱ्याला बी काय धाड भरली न्हाई. खंडेनवमीला माझ्या हातानं पूजा केलीय त्याची.”

“आजी, पूजेनं काय होतंय?”

“होतंय! नीट केली तर होतंय. ह्यो बाबा भिंग काढून ठिवतो, वर झाकण लावतो अन् म्हनतो, लाव माय कुंकू. आता झाकनाला लावून देवाला पोचंल का? मी चाचपून चाचपून झाकण काढलं, आत हळद-कुंकू वाह्यलं, अन् व्हतं तसं बराबर लावून ठिवलं. हातचं काम हाय त्याचं, पोटभर पूजा नको का?”

मच्छिंद्रचा हात पुडीवर थांबला. दसऱ्यानंतर त्याने मोठा कॅमेरा प्रियाच्याच लग्नात पहिल्यांदा काढला होता.

अंगदला काही कळलं नव्हतं. तो वाट बघत होता. “त्या कागदात काय हाय, मच्छिंद्रभाऊ?”

मच्छिंद्रने पुडी मुठीत आवळली. जीव जळत होता त्याचा. एक वाक्य बोललं की सुटला असता. पण ते वाक्य आईच्या कानांवर पडलं असतं, की दुर्गाबाईंचा चेहरा तिच्याच हातांनी पुसला गेला.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “कॅमेरा बिलकुल चांगला हाय, अंगद. माझीच नजर चुकली. तुझ्या मायचा फोटो माझ्यामुळं गेला. माफ कर.”

अंगद भांडायच्या तयारीने आला होता. त्याने फोटोची गुंडाळी केली.

“मामाला कळवतो मंग,” एवढंच म्हणून तो पायऱ्या उतरला.

उषाबाई फणकारली. “खोटं कामून बोललास? तुला दिसतंय की! दिसतंय का न्हाई?”

“दिसतंय, माय.”

“मंग हे सांग, किती बोटं हायती?”

तिने हात वर केला. मच्छिंद्र तिच्या डावीकडे उभा होता आणि ती उजवीकडच्या भिंतीला बोटं दाखवत होती. तो टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेला आणि त्या हातासमोर उभा राहिला.

“तीन,” तो म्हणाला.

“बराबर!” उषाबाई संतापाने म्हणाली. “मंग त्याला तसं सांगायला तुझी जीभ काय झडली व्हती?”