वहीतली पहिली ओळ

चांगूकाकांनी गोफण डोक्याभोवती तीनदा गरगर फिरवली आणि सोडली. तंगूस, म्हणजे बारीक नायलॉनची दोरी, बांधलेला दगड ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावरून पलीकडे गेला आणि नाचणीत धप्प पडला. सकाळपासून पोपटांवर चाललेली गोफण पहिल्यांदाच रेडिओच्या कामी आली होती.

"बस का आनखी वर पायजे?" काकांनी विचारलं.

"बस, बस." अक्षयने तंगुशीला वायर बांधली आणि ओढायला लागला सुद्धा.

"पन मगाशी खाली व्हती तीच बरी व्हती रे. मानसाच्या उंचीची. एवढ्या वर टांगून कोनाशी बोलनार, इमानाशी?"

"काका, वायर जेवढी उंच, तेवढा आवाज लांब जातो."

"लांब कुटं जायाचंय? म्हाडला ना?"

श्रुतिका फिस्सकन हसली. वरद मात्र गंभीरपणे सेटची बटणं बघत होता. अर्धा तास त्याने माणसाच्या उंचीवरच्या वायरवरून हाका मारल्या होत्या आणि महाडहून साधी खरखरसुद्धा आली नव्हती.

कापडे गावाच्या वरच्या या माळावर तिघे सकाळी चढले होते. सोबत चपलांच्या खोक्याएवढा सेट, एक बॅटरी, श्रुतिकाने बांधून आणलेल्या भाकऱ्या आणि अक्षयची नवी कोरी वही. कुणाशी बोललो, किती वाजता, आवाज कसा आला, हे सगळं त्या वहीत लिहायचं. हॅम रेडिओचं लायसन्स येऊन चार महिने झाले तरी अक्षयच्या वहीतली पहिली ओळ कोरीच होती.

ती कालिंदीबाईंसाठी होती. याच बाईंनी त्याला नववीत गणितात नापास केलं होतं. पुढे तो पोलादपुरात मोबाईल दुरुस्त करायला लागला. एकदा बाईंच्या गच्चीवर डिशची छत्री बसवायला गेला आणि तिथली लांबलचक वायर बघून, ही कसली, म्हणून विचारून बसला. मग दोन वर्षं दर रविवारी महाड. बाई शिकवायच्या, हा चुकायचा.

आणि आज बाई पुण्याला लेकीकडे निघाल्या होत्या, कायमच्या. "दहापासून सेट चालू ठेवते," त्या म्हणाल्या होत्या. "बाराला टेम्पो येईल, तेव्हा सगळ्यात शेवटी तो काढायचा. तोवर तू हाक मार." अक्षय हो म्हणाला होता.

वायर वर गेली. वरदने माईक दाबला, लायसन्सवरचं स्वतःचं कॉलसाइन सांगितलं, बाईंना हाक मारली. मागे काका पोपटांना आयमायवरून काहीबाही ऐकवत होते.

उत्तर आलं ते हैदराबादहून. कुणी रेड्डी होते, आवाज स्वच्छ, गप्पा मारायला एकदम खूष. वरद त्यांच्याशी फाडफाड इंग्रजी बोलला आणि माईक अक्षयपुढे धरला.

"घे. मस्त माणूस आहे."

"नाय. माझ्या वहीत पहिलं नाव बाईंचंच येणार."

"बाईंचं का? का माईक हातात घेतला की घसा सुकतो म्हणून?" श्रुतिका म्हणाली.

अक्षयने बॅटरीची वायर उगीचच काढून परत लावली. तिला काय सांगणार? घरी दार लावून हा सगळं पाठ म्हणायचा, कॉलसाइन, वेळ, ठिकाण. बटण दाबलं की सगळं जायचं. म्हणून त्याने सोपा हिशोब केला होता. वरद बाईंना शोधून देईल, मग आपण बोलू.

"फोन करून विचारायचं का?" वरद म्हणाला.

"हितं रेंज कुठाय?"

रेड्डींचा निरोप घेऊन वरदने पुन्हा हाका सुरू केल्या. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. शेवटी त्याने माईक वहीवर ठेवला आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"माझा घसा बसला. मी जेवतो."

"अरे, दहा मिनटं राह्यलीत!"

"मग मार की हाक. मी काय तुझा पोपट आहे?"

श्रुतिका या वेळी हसली नाही. "अक्षा," ती हळू म्हणाली, "टेम्पो येल रे."

अक्षयने माईक उचलला. तळहात घामेजला होता, तो पँटला पुसला. बटण दाबलं. कॉलसाइन सांगताना मध्येच अडखळला, ते तसंच सोडून पुढे गेला.

"बाई, मी अक्षय बोलतोय. कापड्याच्या माळावरनं. ऐकू येतंय का? ओव्हर."

बटण सोडतो न सोडतो तोच सेटमधून आवाज आला. जणू बाई समोरच बसल्या होत्या.

"येतंय. कॉलसाइनचं मधलं अक्षर चुकलंस. परत सांग. ओव्हर."

त्याने परत सांगितलं. बरोबर.

"आता ठीक. लिहून घे, अकरा बावन्न. तुझा आवाज छान येतोय. वरदचाही येत होता, साडेदहापासून. आणि त्या पोपटवाल्यांना म्हणावं, शिव्या जरा माईकपासून लांब द्या. ओव्हर."

वरदचा घास हातातच राहिला. श्रुतिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"साडेदहापासून?" अक्षय म्हणाला. "मग बाई, बोललात का नाय? ओव्हर."

थोडी खरखर. मागे कुणीतरी खोकी सरकवत होतं.

"हाक कुणी मारायची ठरली होती? ओव्हर."

अक्षयचे कान लाल झाले.

"आणि ती वायर मध्येच झाडावर कुणी चढवली? आवाज जरा उतरला, तेव्हाच कळलं. आधीची होती तीच बरी होती. महाडला बोलायचंय ना, हैदराबादला नाही. बरं, टेम्पो आला. पुण्यात लेकीच्या गॅलरीत वायर बांधायला कोण येतंय? ओव्हर."

"मी येतो," अक्षय म्हणाला. ओव्हर म्हणायचंच राहिलं.

काका गोफण खांद्यावर टाकून उभे होते. "मी काय बोल्लो व्हतो?" ते म्हणाले आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता वायर उतरवायला ऐनाकडे निघाले.

"काका, थांबा जरा!"

अक्षयने वही मांडीवर घेतली. नाव लिहिलं, वेळ लिहिली. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. तेवढ्यात सेट पुन्हा बोलायला लागला. कोणीतरी लांबचं, इंग्रजीतून, आत्ता जो बोलला त्यालाच हाक मारत होतं.

वरदने सवयीने हात पुढे केला. अक्षयने माईक दुसऱ्या हातात घेतला आणि बटण दाबलं.