एकतीस खड्डे

माणिकरावाच्या रानात एकतीस मेंढ्या मेल्या, त्या दिवशी दगडाबाई रडली नाही. रडायला सवडच झाली नाही, असं ती पुढं सांगायची.

नामांतराची दंगल होऊन दुसरं साल लागलं होतं. चारठाण्याहून देवगाव फाट्याकडं येताना रस्त्यालगत माणिकरावाचं चाळीस एकर काळं रान. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाटीत मेंढरं चारायची आणि चार दिवस तिथंच बसवायची, ही जुनी रीत. मेंढरांना पाला, रानाला लेंडीखत आणि मेंढक्याला घरापुरती ज्वारी. त्या साली माणिकरावानं आणखी एका वेचणीच्या आशेनं पऱ्हाटीवर फवारा मारला, मग आशा सोडली, आणि दोनच दिवसांनी दगडाबाईच्या नवऱ्याला, लिंबाजीला, बोलावणं धाडलं. फवाऱ्याचं सांगितलं असतं तर मेंढरं आली नसती, खत हुकलं असतं. म्हणून हा बाबा मूग गिळून बसला.

दुपारपर्यंत पन्नासातल्या एकतीस मेंढ्या तोंडाला फेस येऊन आडव्या झाल्या. माणिकराव बांधावर आला. मोसंबीची नवी बाग लावायला त्यानं जागा आखून ठेवली होती, तिकडं बोट करून लिंबाजीला म्हणाला, "इथं घाण नको. तिकडं खड्डे घे अन् पूर. वरून मी झाडं लावतो."

"मालक, आमची जिंदगी गेली की."

"रडायलास कशाला? मेंढी जिती काय अन् मेली काय, खतच की!"

लिंबाजीनं एकतीस खड्डे खणले. गरीब माणूस, कुणी खण म्हणालं की खणणारा. दगडाबाई बांधावर उभी राहून माणिकरावाचं बोलणं मनात घोळवत होती. हा मरायला नको, असं तिला मनापासून वाटलं. लय वर्षं जगायला पाहिजे आणि बघायला पाहिजे.

पुढच्या रविवारी तिनं आसपासच्या सगळ्या कळपांचे धनी खंडोबाच्या देवळात गोळा केले आणि एकेकाला भंडारा उचलायला लावला : माणिकरावाच्या रानात मेंढरू बसणार नाही. हळदीवर हात ठेवून दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. पण एवढ्यानं बाईचं समाधान होतंय कुठलं! ती माणिकरावाच्या चारी बांधांना लागून असलेल्या शेतकऱ्यांकडं गेली. सगळ्यात आधी केवळाबाईकडं. तिचं पाच एकर त्याच्या रानाला खेटूनच होतं.

"दरसाल तुझ्या वावरात मेंढरं बसविते. ज्वारी नको, काईच नको."

"फुकट? ते का गं बाई?"

"तुझं वावर त्याच्या डोळ्याम्होरं हाय म्हणून. पण दोन गोष्टी ऐकायच्या. फवारा मारायचा न्हाई, अन् नुसती पऱ्हाटी लावायची न्हाई. कापसात तूर घाल, ज्वारीत मूग-मटकी, बांधाला अंबाडी, हिवाळ्यात करडई. माज्या मेंढरांच्या तोंडात बारा महिने काई ना काई पडाया पाहिजे."

मेंढकी शेतकऱ्याला शेती शिकवायलीय म्हणून लोक पाठीमागं हसले. पण फुकटचं खत कोण सोडतो? ऐकलं सगळ्यांनी. कुणाचा कळप कुठल्या वावरात किती दिवस बसायचा, यंदा कशाच्या बेवडावर, म्हणजे आधीचं कुठलं पीक निघालेल्या रानात, काय पेरायचं, पुढच्या साली काय, हे सगळं दगडाबाईच्या डोक्यात. तिला लिहिता येत नव्हतं, पण विसरताही येत नव्हतं.

सात-आठ वर्षांत चारी बाजूंची माती भुसभुशीत झाली. ढेकूळ फोडलं की गांडूळ निघायचं. अळ्या वेचायला पाखरं उतरायची. माणिकराव सेलूहून खताच्या गोण्या आणायचा, दरसाल चार जास्त, आणि त्याची जमीन दरसाल जास्त टणक व्हायची.

मग एका साली मृगात पाऊस झाला आणि चाळीस दिवस त्यानं तोंड दाखवलं नाही. माणिकरावाचा कापूस उभा करपला. भोवतीच्या वावरांतही कापूस गेलाच, पण तूर तग धरून राहिली, मटकी जमिनीला चिकटून पसरली, आणि केवळाबाईच्या घरी दोन वेळची चूल पेटत राहिली. तालुक्याचे शेतीचे साहेब ते बघायला आले. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध भाजलेलं रान पाहून त्यांनी विचारलं, "हे नियोजन कुणाचं?"

"माणिकरावाचं," दगडाबाई म्हणाली. "त्यायच्याच किरपेनं झालंय समदं."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. केवळाबाई पदरात तोंड घालून हसली.

आठ दिवसांनी माणिकराव स्वतः पालावर आला. विहीर आटली होती. मोसंबीची पानं गळाली होती, खोडं तेवढी अजून ओली होती. "दगडाबाई," तो म्हणाला. इतकी वर्षं नुसतं 'दगडे' म्हणायचा. "माझ्या रानात मेंढरं बसव. मागशील ते देतो."

"माज्या मेंढ्यांची हाडं द्या. एकतीस. गडी लावायचा न्हाई, लिंबाजीनं खणलं तसं तुमच्या हातानं खणायचं."

"अगं, झाडं मरतील माझी!"

"मंग ऱ्हाऊ द्या."

माणिकरावानं विचार केला. एका पारड्यात एकतीस झाडं, दुसऱ्यात चाळीस एकर. "हाडं दिली तर बसवशील?"

"आधी आणा. मंग बोलू."

पंधरा दिवस तो खणत होता. अख्खं गाव येता-जाता थांबून बघायचं. हाताला फोड आले, फुटले, परत आले. एकेक झाड मुळासकट आडवं होत होतं आणि दगडाबाई बांधावर बसून सुपारी कातरत होती. तिला आनंद होत होता, आणि तो तिनं लपवला नाही. नवव्या दिवशी लिंबाजीला राहवलं नाही. तांब्या घेऊन उठला. "पानी तरी पाजतो त्याला."

"पाजा की. पान्याबिगर पडला तर राहिलेले खड्डे कोण खणंल?"

शेवटी माणिकरावानं गाडी भरून हाडं आणली. दगडाबाईनं कवट्या मोजल्या. एकतीस भरल्या. मग बैल केवळाबाईच्या वावराकडं वळवायला सांगितले. तिथं ती हाडं कुटून मातीत जायची होती.

"आता बोल," माणिकराव म्हणाला. त्याला उभं राहवत नव्हतं.

"बोलते. मेंढी जिती काय अन् मेली काय, खतच, असं तुमीच म्हणला होता. माज्या कळपाचं तेवढंच खत तुमच्या वाट्याचं होतं. ते आज न्हेलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कळप मुद्दाम माणिकरावाच्या बांधावरून नेला. एकतीस खड्डे उघडे होते, त्यांच्या कडेला माणिकराव गुडघ्यात मान घालून बसला होता. तेवढ्यात एक कोकरू बांध उतरून त्याच्या रानात शिरलं. दगडाबाई धावली, त्याला उचलून काखेत मारलं आणि परत फिरली.

चार पावलांवर थांबली. मागं वळून पाहिलं. कोकरानं जाता जाता दोन लेंड्या टाकल्या होत्या. ती परत गेली, वाकली, त्या वेचून पदरात बांधल्या, आणि मगच बांध चढली.