पांढरी पडलेली पुतळी

पहिली पुतळी

हसनाबादच्या पारावर अर्धं गाव जमलं होतं आणि उरलेलं अर्धं वाटेत होतं. मच्छिंद्रबुवाला सोन्यातलं पाप दिसतं, अशी बातमी होती. बाईच्या गळ्यातल्या माळेची एक पुतळी बुवा हातात घेई, अंगारा चोळी, मंत्र पुटपुटे. मूठ उघडली की पिवळीधमक पुतळी चांदीसारखी पांढरी. ज्या घरात पाप, त्या घरची पुतळी पांढरी. आगाऊ दक्षिणा देणाऱ्या पाटलाची मात्र पिवळीच राहिली. गावात पुण्यवान घर तेवढं एकच निघालं.

दुसरी

ही तुळजाबाईच्या गळ्यातली. माळ जमवली होती तिच्या सासूनं, गोजरबाईनं. कापूस चांगला पिकला की जालन्याच्या सराफाकडून एक पुतळी. जुनं विलायती नाणं, चोख सोनं. त्यावर एक माणूस उभा, दुसरा गुडघ्यावर. गाव त्यांना राम-सीता म्हणे. लग्नात गोजरबाईनं ती माळ सुनेला घातली होती.

"बघ माई," बुवा म्हणाला, "सीतामाईचा रंग उडाला. पोरगी पांढऱ्या पायाची है. जल्दी माहेरी धाड. माळ गंगेत सोडावी लागंल."

"गंगेत कोन सोडनार?" गोजरबाईनं विचारलं.

"मीच पैठणला जातो ना. तुमच्यासाठी तेवढा तरास सोसतो."

गोजरबाईनं माळ बुवाच्या झोळीत टाकली आणि सुनेला "पांढऱ्या पायाची" म्हणत माहेरी निघायला सांगितलं. तुळजानं नवऱ्याकडे पाहिलं. पुंजाराम बैलांकडे पाहत होता. बैल तिथे नव्हते.

तिसरी, चौथी, पाचवी

या बुवाच्या झोळीत आहेत. त्यांच्याविषयी सध्या काही सांगता येत नाही.

सहावी

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच तुळजाला न्यायला तिची आत्या बैलांच्या दमणीतून आली. उषाबाई नव्या जालन्याला दवाखान्यात नर्स होती. सगळं ऐकून तिनं आपल्या बोटातली अंगठी दाखवली.

"ही बी पांढरी झाल्ती. डॉक्टरच्या हातून थर्मामीटर फुटला, म्या पारा हातानं गोळा केला. मंग काय, डॉक्टरला पांढऱ्या पायाचा म्हनू?"

तुळजाचं रडं थांबलं. "आत्या, बुवाकडं दोन बटवे हायेत. पाटलाला लाल बटव्यातला अंगारा दिल्ता. आमाला काळ्यातला."

"मंग बोचकं दमणीतच राहू दे," उषाबाई म्हणाली. "आधी पाराकडं जाऊ."

सातवी

तुळजा बुवाच्या पाया पडली.

"माहेरी जाऊन राह्यले, बुवा. अंगारा द्या. काळ्या बटव्यातलाच द्या, त्याच्यात ताकद जास्ती हाय."

बुवा खूश झाला. त्यानं चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. तुळजा उठली आणि तोच अंगारा तिनं बुवाच्या कानातल्या सोन्याच्या बाळीला घसाघसा चोळला.

"ए बाई! क्या कर रही है!"

"तुमची दृष्ट काढून राह्यले."

बाळी पांढरी झाली.

गोजरबाई पुढे आली, तिनं कान नीट निरखला. "बुवा," ती म्हणाली, "तुमी कोनतं पाप केलं?"

हसण्याच्या गदारोळात उषाबाईनं काळा बटवा परातीत रिकामा केला आणि वर पाणी ओतलं. राख वाहून गेली. तळाशी चकचकीत थेंब घरंगळू लागले. पारा! तो सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं दिसतं. लाल बटव्यात नुसती राख होती. बुवा पळू लागला, पण झोळी जड होती. पाटलानं त्याला झोळीसकट धरलं.

आठवी

माळा ज्याच्या त्याला मिळाल्या. पारावर बोलावलेल्या सराफानं उघड्यावर, धुरापासून दूर उभं राहून पुतळ्या तापवल्या. पारा उडाला, पिवळा रंग परतला.

"आमच्या डॉक्टरनं अशी पुतळी भिंगातून पाह्यल्ती," उषाबाई म्हणाली. "दोनशे वर्षांखालचं व्हेनिसचं नाणं हाय. उभा हाय तो त्यांचा संत, गुडघ्यावर तिथला राजा. सीता त्याच्यात कधी न्हवतीच."

पारा सोन्याला धरतो. ते कोणाच्या गळ्यात आहे, हे तो विचारत नाही. उद्या कोणी तुमच्या सुनेला दोष लावू लागला, तर तिच्या पायांकडे पाहू नका. त्याच्या बटव्यात हात घाला.

गोजरबाईनं माळ पुढे केली. तुळजानं मान वाकवली नाही.

"पांढऱ्या पायाची म्हनलं, ते आधी मागं घ्या."

गोजरबाईनं पुंजारामकडे पाहिलं, मग दमणीत चढवलेल्या बोचक्याकडे.

"घेतलं," ती म्हणाली. "साऱ्या गावासमोर घेतलं."

मग तुळजानं मान वाकवली. बोचकं उतरलं आणि उषाबाई एकटीच दमणीतून जालन्याला गेली.